‘कोविड बॅच’चा शिक्का आणि लॉगबुकातले रिकामे रकाने

वाचकाचे पत्र

आदरणीय सर,

मी २०१९ साली राज्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमएस जनरल सर्जरीला प्रवेश घेतला. पहिले वर्ष वॉर्डाची कामे, ड्रेसिंग आणि कागदपत्रे यांत गेले. ते सर्वांचेच जाते. दुसऱ्या वर्षी हात चालू लागेल असे वाटत असतानाच करोना आला आणि ते वर्ष कोविड वॉर्डात, पीपीई किटमध्ये, रुग्णांचा ऑक्सिजन बघण्यात आणि नातेवाइकांना फोन करण्यात संपले. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन थिएटर पुन्हा सुरू झाले, पण हाताखाली नवे ज्युनिअर आलेच नाहीत. २०२२ मध्ये पहिल्या प्रयत्नात पास झाले. बंधपत्राचे, म्हणजे सक्तीच्या शासकीय सेवेचे, वर्ष ज्या रुग्णालयात मिळाले तिथे दुसरा सर्जन नव्हता आणि भूलतज्ज्ञ ठरावीक वारीच येत. आता मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका डॉक्टर दांपत्याच्या खासगी रुग्णालयात नोकरी करते. अपेंडिक्स, हर्निया, हायड्रोसील, मधुमेही पाय हे सगळे करते. मध्यंतरी अल्सर फुटलेला एक रुग्ण मध्यरात्री आला, त्याचे पोट एकटीने उघडले. तो बरा होऊन घरी गेला, तरी त्यानंतर कित्येक रात्री मला झोप लागली नाही. आता मालक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सेट घेत आहेत आणि पित्ताशयाच्या केसेस मी सुरू कराव्यात असे त्यांचे म्हणणे आहे. निवासी डॉक्टर म्हणून शिकत असताना अशा शस्त्रक्रियांत मी बहुतेक वेळा कॅमेराच धरला आहे. परवा एका वरिष्ठांनी सर्वांदेखत ‘ही कोविड बॅच आहे, जरा सांभाळून’ असे म्हटले. माझे शिक्षण खरेच अपुरे आहे की मी उगाच घाबरते आहे? फेलोशिप करावी, एमसीएच या सुपरस्पेशालिटी पदवीच्या मागे लागावे, की सर्जरी सोडून द्यावी? आणि हे सारे मालकांना सांगावे की सांगू नये?

एक सर्जन

उत्तर

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. तुमच्या प्रशिक्षणात खरोखरच उणीव राहिली आहे आणि तो तुमच्या मनाचा खेळ नाही. मात्र ती उणीव ‘मला सर्जरी येत नाही’ इतकी सरसकट नाही. ती काही ठरावीक शस्त्रक्रियांपुरती आणि त्यांतही काही ठरावीक पायऱ्यांपुरती आहे. तिची जागा नेमकी सांगता आली तर ती भरूनही काढता येईल. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, म्हणून फेलोशिपपासून सर्जरी सोडण्यापर्यंतचे सगळे पर्याय तुम्हाला एकाच ओळीत सुचले.

उणीव कशी निर्माण झाली हे नीट पाहू, कारण ‘करोनामुळे’ एवढे म्हणून भागत नाही. २० मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना रुग्णालयांना केली. त्या वर्षी मे महिन्यात एका आंतरराष्ट्रीय संशोधनगटाने असा अंदाज मांडला, की लाटेच्या ऐन भरातल्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८० लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील. प्रशासनाच्या लेखी ही फक्त प्रतीक्षायादी होती, पण शिकणाऱ्या सर्जनच्या लेखी ती वर्गच बंद झाल्याची नोटीस होती. निवासी डॉक्टर शिकतो तो नियोजित शस्त्रक्रियांतच. हर्नियाचा रुग्ण सकाळी उपाशीपोटी तयार असतो, भूल व्यवस्थित दिलेली असते, कोणाला घाई नसते, आणि टेबलापलीकडे उभे असलेले लेक्चरर ‘थांब, ही नस आधी ओळख, मग जाळी लाव’ असे म्हणण्याइतके निवांत असतात. मध्यरात्री आतडे पिळलेल्या रुग्णावर असा धडा देता येत नाही.

मग इमर्जन्सी तरी चालूच होत्या, असे कोणी म्हणेल. चालू होत्या, पण त्या काळात सर्वत्र असा दंडक होता की टेबलाजवळ शक्य तितकी कमी माणसे असावीत आणि चाकू सर्वांत अनुभवी हातात असावा, म्हणजे शस्त्रक्रिया लवकर आटोपेल आणि संसर्गाचा धोका कमी राहील. रुग्णाच्या आणि कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. परिणाम असा झाला की एरवी जो अपेंडिक्स दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला हमखास मिळायचा, तो एकतर लेक्चररनी काढला किंवा अँटिबायोटिकवर निभावून नेला गेला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांवर तर दुहेरी गदा आली. पोटात भरलेला वायू बाहेर पडताना विषाणू हवेत पसरेल या भीतीने सुरुवातीच्या महिन्यांत सर्जनांच्या अनेक संघटनांनी त्या टाळण्याचा किंवा फार जपून करण्याचा सल्ला दिला होता. तुम्हाला आज नेमकी पित्ताशयाची धास्ती वाटते याचे मूळ इथे आहे.

आता तुमच्या तिसऱ्या वर्षाकडे येतो. माझ्या मते तुमच्या बॅचचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले गेलेले नुकसान त्या वर्षात झाले. १८ एप्रिल २०२१ रोजी ठरलेली नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा आदल्या आठवड्यात लांबणीवर टाकली गेली आणि शेवटी ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, डिसेंबरात दिल्लीतील निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि प्रवेशफेऱ्या सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडली. एरवी मे-जूनच्या सुमारास वॉर्डात दाखल होणारी पहिल्या वर्षाची बॅच पाऊण वर्ष उशिरा आली. दरम्यान वरची बॅच परीक्षा देऊन निघून गेली होती. तीन बॅचनी ओढायचा गाडा दोन बॅचच्या खांद्यावर आला.

थिएटरबाहेरच्या माणसाला यातले मर्म कदाचित कळणार नाही. सर्जरीचे युनिट तीन वर्षांच्या उतरंडीवर चालते. पहिल्या वर्षाचा निवासी रक्ताचे नमुने काढतो, ड्रेसिंग करतो, सोनोग्राफीची तारीख मिळवतो, रक्तपेढीत जाऊन बसतो आणि डिस्चार्जचे कागद लिहितो, म्हणून तिसऱ्या वर्षाचा निवासी सकाळी नऊ वाजता हात धुऊन टेबलाशी उभा राहू शकतो. खालची पायरीच नसेल तर वरच्याला खाली उतरून ती कामे करावी लागतात. ‘ज्युनिअर आले नाहीत’ हे तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलेत, पण माझा कयास असा आहे, की थिएटर सुरू झाल्यानंतरही तुमच्या नावावर शस्त्रक्रिया कमी लागल्या त्या याच कारणाने. हे विषाणूचे काम नव्हते. परीक्षा, आरक्षण आणि प्रवेश यांचे निर्णय वेळेवर न होण्याचे ते फळ होते, आणि त्याचे खापर तुमच्या बॅचवर फोडणाऱ्या वरिष्ठांनी हा हिशेब एकदा मांडून पाहायला हरकत नाही.

सर्व शाखांचे नुकसान सारखे झाले नाही. २०२१च्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) साथ आली तेव्हा कान-नाक-घशाच्या निवासी डॉक्टरांना सायनसच्या शस्त्रक्रिया भरपूर करायला मिळाल्या, कानाच्या मात्र जवळजवळ नाहीत. भूलशास्त्राच्या मुलांना व्हेंटिलेटर तोंडपाठ झाला. नेत्रविभागातल्यांचे मोतीबिंदू हुकले. मेडिसीनच्या निवासी डॉक्टरांनी एकच आजार हजारदा पाहिला आणि बाकीचे आजार पुस्तकात वाचले. देशात क्षयरोगाच्या नोंदी २०१९ मध्ये सुमारे २४ लाख होत्या, त्या २०२० मध्ये १८ लाखांवर आल्या. क्षयरोग काही कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हते. जो रुग्ण ओपीडीत आलाच नाही, त्याच्यावरून निवासी डॉक्टर काही शिकू शकत नाही.

या काळात तुम्हाला काहीच मिळाले नाही असे मी म्हणणार नाही. न तपासलेल्या औषधाची मागणी कशी वाढत जाते आणि शास्त्रशुद्ध चाचणी तिला कसा लगाम घालते, हे तुमच्या बॅचने जितके जवळून पाहिले तितके आमच्या पिढीने पाहिले नव्हते. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी नातेवाईक दाते शोधत वणवण फिरत होते, त्याच वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी घेऊन त्याचा मृत्यू टाळण्यास उपयोग होत नसल्याचे दाखवले, आणि मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. उलट डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे ब्रिटनमधील चाचणीत जून २०२० मध्येच दिसले होते. श्वास लागलेला रुग्ण दारातून आत येताना ओळखणे, अप्रिय बातमी फोनवर नीट सांगणे, बिघडत्या रुग्णाजवळ डोके शांत ठेवणे, हेही तुम्ही शिकलात. अल्सर फुटलेल्या त्या रुग्णाला टेबलावर घेण्याआधी सलाइन, लघवीची नळी, अँटिबायोटिक आणि रक्त हे सारे तुम्ही क्रमाने केले असणार. नाही तर तो घरी गेला नसता.

पण ‘कोविडने या मुलांना कणखर केले’ हे जे भाषणांतून सांगितले जाते, त्यावर समाधान मानू नका. कणखरपणाने पित्ताशयाची नळी ओळखता येत नाही. जे मिळाले ते मिळाले आणि जे राहिले ते राहिले. एकाच्या बदल्यात दुसरे माफ होत नाही.

‘कोविड बॅच’ या शेऱ्याबद्दल थोडेच लिहितो. त्यात अशी सूचना दडलेली असते की या मुलांना परीक्षेविनाच पुढे ढकलले. तसे घडलेले नाही. तुमच्या वरच्या बॅचच्या वेळी परीक्षा रद्द करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती आणि जून २०२१ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. परीक्षा उशिरा झाल्या, पण झाल्या, आणि तुम्ही ती रीतसर दिली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. परीक्षेच्या तारखा पुढे सरकवताना तुमच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत, काय राहून गेले हे पाहण्याची सोय कोणी केली नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या वार्षिक मूल्यमापनात खास एक शेरा आणला गेला. त्याचा आशय असा होता, की या डॉक्टरची प्रगती महामारीमुळे अडली आहे, त्यात त्याचा दोष नाही. अमुक कौशल्ये बाकी आहेत आणि गरज पडल्यास त्याला वाढीव मुदत द्यावी. आपल्याकडे अशी नोंद झाली असती तर आज तुम्हाला हा प्रश्न एका सदराला विचारावा लागला नसता. ती नोंद आता तुम्हालाच करावी लागेल.

त्यासाठी लॉगबुक काढा. नसेल तर थिसिसच्या गठ्ठ्यात विद्यापीठाला सादर केलेली प्रत असेल, तीही नसेल तर विभागातल्या थिएटर रजिस्टरवरून निदान अंदाज बांधता येईल. एक वही घेऊन तुमच्या गावात प्रत्यक्ष येणाऱ्या शस्त्रक्रियांची नावे लिहा: अपेंडिक्स, जांघेतला हर्निया, अडकलेला हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, भगंदर, फुटलेला अल्सर, आतड्याचा अडथळा, पित्ताशय, स्तनातली गाठ, गँगरीनमुळे कापावे लागणारे बोट किंवा पाय. तालुक्याच्या सर्जनचे बहुतेक काम या दहा-बारा नावांत आटोपते. प्रत्येक नावापुढे लिहा की ती शस्त्रक्रिया तुम्ही फक्त पाहिली आहे, असिस्ट केली आहे, वरिष्ठ समोर असताना स्वतः केली आहे, की एकटीने केली आहे. लिहिताना मनाची लाज बाळगू नका आणि मोठेपणाही नको. ‘असिस्ट’ या शब्दाखाली तर आणखी खोलात जा. रिट्रॅक्टर धरून उभे राहणे हाही असिस्ट आणि अर्धी शस्त्रक्रिया स्वतः करणे हाही असिस्टच. लॉगबुकात दोन्ही एकाच शब्दात लिहिले जाते, हा त्या पुस्तकाचा जुना दोष आहे.

ही वही भरल्यावर दोन गोष्टी उघड होतील असा माझा अंदाज आहे. पोट उघडून करायच्या तातडीच्या शस्त्रक्रियांत तुमची अवस्था तुम्हाला वाटते त्याहून बरी निघेल. फुटलेल्या अल्सरवर ओमेंटमचा (पोटातल्या चरबीच्या पडद्याचा) पॅच लावून, पोट धुऊन, ड्रेन ठेवून तुम्ही बाहेर आलात, ते काम व्यवस्थित झाले होते. त्यानंतरची निद्रानाशाची कारणे हातात शोधू नका. एकटेपणी निर्णय घेण्याची ती पहिली वेळ असेल तर काही रात्री अस्वस्थ जाणे स्वाभाविक आहे. पण मॉनिटरचा आवाज ऐकून छातीत धडधडणे, कोविड वॉर्डातले चेहरे पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे असे काही होत असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. गावात सोय नसेल आणि ओळखीच्या डॉक्टरकडे जायचे नसेल, तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते. डॉक्टरांनी तो क्रमांक रुग्णांनाच द्यावा असा काही नियम नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचा रकाना बहुतांशी रिकामा निघेल. तिथे मात्र तुमची भीती खरी आहे आणि तिचे ऐकायला हवे.

आता मार्गांविषयी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचे चार-पाच दिवसांचे कोर्स असतात, त्यांची प्रमाणपत्रे नावापुढे लावता येतात. ते करायला हरकत नाही. उपकरणांची ओळख होते, वायूचा दाब, डायथर्मीचे (विजेने कापण्याच्या उपकरणाचे) धोके, पोर्टच्या (उपकरणे आत घालायच्या छिद्रांच्या) जागा हे नीट समजते. पण त्यातून हात बसत नाही आणि तसा दावा प्रामाणिक शिक्षक करतही नाहीत. आरोग्य विज्ञान विद्यापीठाची वर्षभराची फेलोशिप किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी ही दोन वर्षांची फेलोशिप हे मार्ग जास्त भरीव आहेत, पण प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या आताच्या फेलोला गाठून एकच प्रश्न विचारा: ‘तुम्हाला स्वतःला किती करायला देतात?’ मोठ्या नावाच्या रुग्णालयात दोन वर्षे कॅमेरा धरून परत आलात तर मूळ दुखणे तिथेच राहील. एमसीएचचा विचार पोटाच्या एखाद्या विशिष्ट शाखेची खरी ओढ असेल तरच करा. राहून गेलेले जनरल सर्जरीचे शिक्षण भरून काढण्यासाठी नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षे घालवणे हा फार महागाचा उपाय आहे, आणि तिथले शिक्षक तुम्हाला जनरल सर्जरी येते असे गृहीत धरूनच पुढे शिकवतात.

तुमच्या जागी मी असतो तर एक वर्ष गर्दीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सीनिअर रेसिडेंट (एमएसनंतरचा वरिष्ठ निवासी डॉक्टर) म्हणून काढण्याचा विचार सर्वांत आधी केला असता. पगार खासगीपेक्षा कमी असेल, क्वार्टर मिळेलच असे नाही. पण तिथे तुम्ही युनिटच्या मधोमध असता. वर विचारायला असोसिएट आणि प्रोफेसर, खाली कामे उचलायला तीन वर्षांचे निवासी, आणि आठवड्याला ठरलेले ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) दिवस. तुमच्या तिसऱ्या वर्षात जी रचना मोडली होती, नेमकी तीच तिथे शाबूत मिळते. पुढे अध्यापनात जायचे झाले तर सहायक प्राध्यापकपदासाठीही हे वर्ष धरले जाते. घरच्या अडचणींमुळे गाव सोडणे शक्य नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या अनुभवी सर्जनशी बोलून आठवड्यातला एक ओटीचा दिवस विनामोबदला त्यांच्याकडे द्या, आणि आधीच स्पष्ट सांगा की काही महिन्यांनी तुम्हाला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, मुख्य सर्जनच्या जागी, उभे राहायचे आहे.

घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. खाटकाकडून बकऱ्याचे आतडे आणून, स्वच्छ धुऊन, ते लाकडी फळीवर टाचून जोडण्याचा सराव करा. आतडे कापा, दोन टोके आधी एका थरात जोडा, मग दोन थरांत, आणि शेवटी आत पाणी भरून गळते का ते पहा. गळाले तर कुठल्या टाक्यापाशी गळाले हे पाहून पुन्हा तेवढेच करा. दुर्बिणीसाठी बाजारात तयार बॉक्स ट्रेनर मिळतो. नाहीतर पुठ्ठ्याचे खोके, आत एक दिवा, वर मोबाइलचा कॅमेरा आणि मुदत संपलेली जुनी उपकरणे एवढ्यावरही भागते. पडद्यावर पाहत वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकण्याचा खेळ पोरकट वाटेल, पण तुमचा उणा आहे तो डावा हात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत डाव्या हाताने पित्ताशयाचे तोंड योग्य कोनात ओढून धरले, तरच उजव्या हाताला कापायची जागा दिसते. कॅमेरा धरणाऱ्याने हे शेकडो वेळा पाहिलेले असते, हाताने मात्र कधी केलेले नसते. या सरावाने बोटांना वळण लागते. कुठे थांबायचे हे शिकायला मात्र खरे पोट आणि शेजारी उभा असलेला माणूस लागतो.

मालकांना सांगावे का? सांगावेच, आणि सेट विकत घेण्याआधी सांगावे. त्यांना सहानुभूती नको असते, रुग्णालयाचे काय होणार हे हवे असते, म्हणून बोलणे त्याच अंगाने करा. असे काहीसे म्हणता येईल: ‘सर, अपेंडिक्स, हर्निया आणि तातडीचे पोट मी सांभाळते, ते तुम्ही पाहिले आहे. दुर्बिणीतून पित्ताशय मी स्वतंत्रपणे केलेले नाही. ते सुरू करायचे तर पहिल्या केसेसना बाहेरचे अनुभवी सर्जन बोलवावे लागतील. त्यांची फी धरून हिशेब मांडू. मुख्य पित्तनलिकेला एक इजा झाली तर त्यापेक्षा कितीतरी अधिक मोजावे लागेल.’ यावर ‘करता करता येईल, आम्हीही असेच शिकलो’ असे उत्तर आले तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. ते शिकले तेव्हा त्यांच्या समोर कोणीतरी उभे होते. तरीही आग्रह चालू राहिला तर ती नोकरी तुमच्यासाठी नाही, असे मी स्पष्ट सांगतो.

रुग्णाने विचारले, ‘डॉक्टर, तुम्ही अशी किती ऑपरेशन केली आहेत?’, तर खरा आकडा सांगा आणि त्याच दमात हेही सांगा की त्या दिवशी अमुक सर्जन सोबत असतील. न विचारताही सोबतच्या सर्जनचे नाव संमतीपत्रकात असू द्या. ग्रामीण भागातला रुग्ण यामुळे पळून जातो, हा समज बहुधा रुग्णालयांच्या मालकांचा असतो.

राहता राहिली पित्ताशयाची सुरुवात. पाहुणे सर्जन ठरले की त्यांच्याशी आधीच बोलून शस्त्रक्रियेच्या पायऱ्या वाटून घ्या. पहिल्या काही वेळा तुम्ही पोर्ट घालावेत आणि शेवटी पित्ताशय यकृताच्या गादीवरून सोडवावे, मधला कॅलोचा त्रिकोण, म्हणजे पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी असलेली नाजूक जागा, त्यांनी करावी. मग हळूहळू तो त्रिकोण तुमच्याकडे यावा. रुग्णही निवडून घ्या. नुकतीच सूज येऊन गेलेले, कावीळ झालेले, पोटावर आधीची मोठी शस्त्रक्रिया असलेले रुग्ण सुरुवातीच्या यादीत नकोत. त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून पूर्ण मोकळा झाला आहे, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला दिसतो आहे आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना उरल्या आहेत, या तीन गोष्टी पडद्यावर दिसून दोघांनी तोंडाने होकार दिल्याशिवाय क्लिप लावायची नाही. त्या दिसत नसतील तर पित्ताशयाचा काही भाग ठेवून बाहेर यायचे किंवा पोट उघडायचे, आणि या शक्यता नातेवाइकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायच्या. प्रत्येक शस्त्रक्रियेचे चित्रण करून रात्री एकदा पाहा. तुम्ही ही शस्त्रक्रिया एकटीने कधी करायची हे पाहुणे सर्जन ठरवतील, आणि तो निर्णय मालकांनी त्यांच्याकडून लेखी घ्यावा. नवा सेट घ्यायचा की सध्या पाहुण्यांचाच वापरायचा, हेही त्याच बैठकीत ठरवा. माझे मत विचाराल तर पहिले सहा महिने पाहुण्यांचाच पुरे.